थकव्याची नोंद कोण घेणार?

माझे एक जुने स्नेही आहेत. दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली, त्यातली वीसएक वर्षे संघटनेचेही काम पाहिले. निवृत्तीनंतर रोज पहाटे पर्वती चढण्याचा त्यांचा नेम होता. १०३ पायऱ्या ते एका दमात चढत आणि वर पोचल्यावर मागे राहिलेल्या आम्हा मंडळींची यथेच्छ टिंगल करीत. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवला गेला, जीव वाचला आणि पाच गोळ्यांची चिठ्ठी घेऊन ते घरी आले. त्यांतली एक गोळी रात्री झोपताना घ्यायची, रक्तातले कोलेस्टेरॉल उतरवणारी. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हे गृहस्थ भर दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते.

"अहो, दुखत काही नाही. दमही लागत नाही," ते म्हणाले. "पण सकाळी उठतो तोच रात्रपाळी आणि दिवसपाळी सलग करून आल्यासारखा. ही कसली विश्रांती?"

डॉक्टरांना सांगितलेत का, असे मी विचारले. सांगितले होते. डॉक्टरांनी रिपोर्टचे कागद चाळले, कोलेस्टेरॉलचा आकडा उत्तम असल्याची ग्वाही दिली आणि थकव्याबद्दल "वय झाले ना आता" एवढे म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारली. मी निघालो तेव्हा वहिनींनी मला दारापाशी थांबवून हळूच सांगितले की, रात्रीची गोळी गेले दोन महिने डब्यात तशीच साठते आहे. यांनी ती कुणाला न सांगता बंद केली आहे.

ही हकीगत मी सांगतो आहे ती एका माणसाच्या हट्टाची म्हणून नव्हे. आपल्या ओळखीच्या दहा घरांत चौकशी केली तर त्यांतल्या दोन-तीन घरांत थोड्याफार फरकाने हीच गोष्ट ऐकायला मिळेल. थकवा आला, तो कुणी ऐकून घेतला नाही, म्हणून रुग्णाने आपल्यापुरता न्याय करून टाकला. झटका येऊन गेलेल्या माणसाने असा न्याय करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण तो तसा करायला का धजावतो, हा प्रश्न केवळ त्याच्या अडाणीपणावर ढकलून मोकळे होता येणार नाही.

या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. त्यांचा जन्म मोठा मनोवेधक आहे. उत्तर जपानातील अकिता प्रांतात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले आकिरा एंडो हे टोकियोतील सांक्यो कंपनीत संशोधक होते. काही बुरशी आपल्या संरक्षणासाठी कोलेस्टेरॉलची घडण रोखणारे द्रव्य तयार करीत असाव्यात, अशा तर्काने त्यांनी सुमारे सहा हजार बुरशींची तपासणी केली. १९७३ मध्ये क्योटोतल्या तांदळाच्या नमुन्यावर आढळलेल्या एका निळसर हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते सापडले. पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीच्याच गोत्रातली ही. त्यांच्या स्वतःच्या कंपनीने १९८० मध्ये, कुत्र्यांवरील प्रयोगांत काही शंका निघाल्यावर, ते काम थांबवले. अमेरिकेतल्या मर्क कंपनीने दुसऱ्या एका बुरशीपासून तसेच द्रव्य मिळवले आणि १९८७ मध्ये या वर्गातले पहिले औषध तेथे बाजारात आले. एंडो २०२४ च्या जूनमध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. त्यांच्या शोधातून औषध कंपन्यांनी जी अमाप संपत्ती मिळवली, तिच्यात त्यांचा वाटा नव्हता. हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

गोळी गुणकारी आहे याबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही, आणि ज्यांना कंपन्यांचा राग आहे त्यांनीही ती घेऊ नये. आधीच हृदयविकार जडलेल्या ४,४४४ रुग्णांवर स्कँडिनेव्हियात झालेल्या पाहणीचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले होते, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत पोकळ गोळीच्या गटात २५६ माणसे मरण पावली, औषधाच्या गटात १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा हा फरक कुणाच्या जाहिरातीतला नाही. माझे स्नेही ज्या रुग्णांत मोडतात, त्याच रुग्णांचा हा हिशेब आहे. ज्याला अद्याप कोणताही विकार नाही, केवळ रक्ताच्या रिपोर्टातला आकडा चढला आहे, त्याचा लाभ यापेक्षा बराच लहान असतो. तेथे गोळी घ्यावी की न घ्यावी याचा विचार सावकाश करता येतो. या दोन माणसांना एकाच तागडीत तोलण्याची चूक डॉक्टरही करतात आणि गोळीचे विरोधकही.

औषधाने अपाय होतच नाही असेही नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये बायर कंपनीला आपले सेरिव्हास्टॅटिन जगाच्या बाजारातून मागे घ्यावे लागले. त्याने काही रुग्णांच्या स्नायूंचा अक्षरशः विलय होत होता, आणि स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करीत होती. त्यापायी झालेल्या ५२ मृत्यूंची नोंद त्यावेळी झाली होती. आज वापरात असलेल्या गोळ्यांत हा धोका फारच विरळा आहे. तथापि लघवी गडद तपकिरी होणे, स्नायू असह्य दुखणे, जिना चढताना मांड्यांनी दगा देणे, ही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

थकवा ही मात्र निराळी चीज आहे. तो रक्तात सापडत नाही, क्ष-किरणात दिसत नाही. साक्षीदार एकच, आणि तोच फिर्यादीही. म्हणूनच त्याची शास्त्रीय मोजणी फार उशिरा सुरू झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील बिट्रिस गोलोंब यांनी २०१२ मध्ये एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १,०१६ स्त्री-पुरुषांना सहा महिने सिम्व्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन किंवा पोकळ गोळी दिली होती. कोणाला काय मिळते आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. अंगातला उत्साह कितपत आहे आणि श्रम केल्यावर थकवा किती येतो, एवढेच त्यांना विचारले होते. औषध घेणाऱ्यांची स्थिती पोकळ गोळीवाल्यांपेक्षा खालावलेली आढळली. स्त्रियांमध्ये ती अधिक खालावली होती. कारणमीमांसाही अशक्य कोटीतली नाही. यकृतात ज्या मार्गाने कोलेस्टेरॉल घडते तो मार्ग ही गोळी अडवते. त्याच वाटेने पुढे शरीर आणखी एक द्रव्य तयार करते, जे पेशींतल्या तंतुकणिकांना ऊर्जा निर्माण करताना लागते. वाट अडली की तेही काहीसे कमी पडते. म्हणून ते द्रव्य बाहेरून देण्याचे प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. औषधांच्या दुकानात मात्र ते मूळ गोळीपेक्षा कितीतरी महाग दराने बिनदिक्कत विकले जात आहे.

येथवर वाचून ज्यांना वाटेल की आता निकाल लागला, त्यांनी थोडे थांबावे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी एका छोट्या पण अत्यंत कल्पक प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांनी ६० माणसे घेतली. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेलीच सगळी, म्हणजे माझ्या स्नेह्यांची भाऊबंद. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत औषध, चारांत पोकळ गोळ्या आणि चार बाटल्या चक्क रिकाम्या. क्रम ठरलेला नव्हता. आज त्रास किती झाला याचा शून्य ते शंभर असा आकडा प्रत्येकाने रोज नोंदवायचा. वर्षअखेर सरासरी निघाली ती अशी: रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत ८, पोकळ गोळीच्या महिन्यांत १५.४, औषधाच्या महिन्यांत १६.३.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला राग आला होता. गरीब बिचाऱ्या रुग्णाला खोटे पाडण्यासाठी रचलेला हा डाव आहे असे वाटले. पण आकडे पुन्हा पाहावेत. त्रास खोटा होता असे ते कोठेही म्हणत नाहीत. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास निम्मा होता, म्हणजे गोळी घेतल्यावर माणसाला खरोखर अधिक बरे वाटेनासे होत होते. फक्त त्या वाढलेल्या त्रासाचा नऊ-दशांश भाग गोळीतल्या रसायनाचा नव्हता. तो गोळी घेण्याच्या कृतीचा होता. आपण आजारी आहोत याची रोज रात्री होणारी आठवण, शेजाऱ्याने सांगितलेली हकीगत, गोळीच्या वेष्टनातल्या कागदावरची यादी, आणि ज्याने तपासताना मान वर करून पाहिले नाही त्या डॉक्टरविषयीचा अविश्वास, हे सारे त्या गोळीबरोबर गिळले जाते, असे मला वाटते. अविश्वासाचा हा वाटा कुणी मोजलेला नाही, ते माझे अनुमान आहे. पण आपापले आकडे दाखवून समजावून सांगितल्यावर त्या साठांपैकी निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली होती, ही गोष्ट माझ्या अनुमानाला धरून आहे. त्यांना उपदेश केला नव्हता. त्यांच्याच हातचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला होता.

त्यानंतर २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखालील गटाने एकोणीस मोठ्या चाचण्यांतील सव्वा लाखाच्या आसपास माणसांच्या नोंदी एकत्र केल्या. स्नायूंचे दुखणे किंवा अशक्तपणा औषध घेणाऱ्यांत २७.१ टक्क्यांनी सांगितला, पोकळ गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्क्यांनी. जो थोडा जादा त्रास होता तो बहुतांशी पहिल्या वर्षातला. अशा दर पंधरा तक्रारींमागे एखादीच खरोखर गोळीमुळे, असा त्यांचा हिशेब आहे. सर्वांगाला व्यापणारा थकवा ही वेगळी तक्रार, आणि ती या मोजणीचा मुख्य विषय नव्हती. तरीही माझे मत येथे स्पष्ट सांगतो: गोळीमुळे थकवा येतो हे काही थोड्या माणसांच्या बाबतीत खरे असावे. पण तो जितक्यांना येतो असे आपण ऐकतो, तितक्यांना गोळीमुळे येत नाही.

मग लोक विश्वास का ठेवीत नाहीत? त्याचेही कारण वैज्ञानिकांच्या दारातच सापडेल. या चाचण्यांतल्या बहुसंख्य औषध कंपन्यांच्या पैशाने झाल्या. ऑक्सफर्डच्या गटाकडे असलेल्या एकेका रुग्णाच्या मूळ नोंदी इतरांना तपासायला द्यायच्या नाहीत, असा करार त्यांनी चाचण्या करणाऱ्यांशी केलेला आहे. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन लेख आले. स्टॅटिनमुळे अठरा ते वीस टक्के लोकांना त्रास होतो असे त्यांत म्हटले होते. तो आकडा मूळ पाहणीचा चुकीचा अर्थ लावून काढला होता. २०१४ च्या मे महिन्यात लेखकांनी तेवढे विधान मागे घेतले. ऑक्सफर्डचे रोरी कॉलिन्स यांना तेवढ्याने समाधान नव्हते. लेखच रद्द करा असा त्यांचा आग्रह होता. स्वतंत्र समितीने तो मान्य केला नाही. या वादाचा गाजावाजा वर्तमानपत्रांतून झाल्यावर ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांनी गोळी थांबवली असावी, असा अंदाज २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात मांडला गेला. एक चुकीचा आकडा आणि एक बंद कपाट, या दोहोंनी मिळून सामान्य माणसाचे नुकसान केले. चुकीचा आकडा निदान दुरुस्त तरी झाला.

आता आपल्याकडे वळू. लंडनमधल्या त्या साठ जणांना रोज आपला त्रास नोंदवण्याची सवड होती आणि तो वाचणारे कोणी होते. आपल्या मार्केट यार्डातला हमाल थकला तर काय होते? पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर यावे म्हणून त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. माणसाची पाठ किती वाहू शकते हा शरीरशास्त्राचा प्रश्न असूनही तो मोर्चे काढून सोडवावा लागला. अशा माणसाला गोळीने किंचित, अगदी किंचित थकवा आला, तरी दिवसाकाठी उचललेल्या पोत्यांत आणि म्हणून संध्याकाळच्या पैशांत फरक पडतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला जो त्रास 'सौम्य' म्हणून सोडून देता येतो, तो अंगमेहनत करणाऱ्याला सौम्य नसतो. सौम्य, मध्यम, तीव्र ही प्रतवारी कोणाच्या शरीराला प्रमाण मानून ठरवली, असे विचारण्याचा त्याला अधिकार आहे.

आणि स्त्रियांचे तर विचारूच नये. आमच्या वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या एका बाईंना साखर आणि कोलेस्टेरॉल या दोन्हींच्या गोळ्या चालू होत्या. हातापायांत त्राण नाही असे त्या वर्षभर सांगत होत्या. घरी सून म्हणे, कामाचा कंटाळा. दवाखान्यात म्हणत, गोळ्यांची सवय होईल. अखेर एका नवशिक्या डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडची तपासणी करवली आणि ती ग्रंथी मंदावलेली निघाली. गंमत अशी की थायरॉइड मंदावला की थकवा तर येतोच, शिवाय कोलेस्टेरॉलही चढते, आणि त्याच अवस्थेत स्टॅटिन दिले तर स्नायूंना इजा होण्याचा संभवही वाढतो. म्हणजे मूळ दुखणे तसेच ठेवून त्याच्या सावलीवर वर्षभर औषधोपचार चालले होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायका मुळातच थकलेल्या आहेत, तेथे गोळीचा थकवा वेगळा ओळखायचा तर आधी त्यांचा पहिला थकवा कोणीतरी ऐकला पाहिजे.

ऐकण्याला पैसा लागत नाही, वेळ लागतो. सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात एका डॉक्टरपुढे शंभर माणसांची रांग असते. तेथल्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. पण चिठ्ठी लिहिण्याआधी "आता तुम्हाला एरवी कसे वाटते?" हे एकदा विचारून उत्तर केसपेपरवर लिहून ठेवले, तर सहा महिन्यांनी तुलना करता येते. ती नोंद नसेल तर थकवा आधीचा की नंतरचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. थकव्याची तक्रार आली तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी व्हावी. मधुमेहाचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ कमी पडू शकते, आणि शाकाहाऱ्यांत ते आधीच बेताचे असते. सोबतच्या इतर गोळ्याही पाहाव्यात. झटक्यानंतर नाडी संथ ठेवण्यासाठी जी औषधे देतात, त्यांनीही गळून गेल्यासारखे वाटते, आणि आळ मात्र कोलेस्टेरॉलच्या गोळीवर येतो. एवढे करूनही संशय राहिला तर डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळी काही आठवडे थांबवून, पुन्हा सुरू करून पाहता येते. मात्रा कमी करता येते, स्टॅटिनांतलेच दुसरे औषध देता येते, वेगळ्या वर्गातले एझेटिमिब जोडता येते. वाटा पुष्कळ आहेत. एकच वाट बंद असावी, ती म्हणजे कुणाला न सांगता डब्यात गोळ्या साठवण्याची.

आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे तिचे केंद्र आहे. रुग्णाला स्वतःलाही तेथे कळवता येते, त्यासाठी मराठीत छापलेला अर्ज आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनीही आहे. हे वाचकांपैकी किती जणांना ठाऊक होते? औषधाच्या प्रत्येक दुकानात धन्वंतरीच्या तसबिरीशेजारी हा क्रमांक ठळक अक्षरांत लावण्याची सक्ती करायला कोणत्या पंचवार्षिक योजनेची गरज होती?

माझ्या स्नेह्यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्यांना मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळी बंद केल्याबद्दल रागावण्याऐवजी कधीपासून बंद आहे ते शांतपणे विचारले आणि लिहून घेतले. तपासण्या ठीक निघाल्या. नाडीच्या गोळीची मात्रा त्यांनी निम्मी केली, कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी लहान मात्रेत सुरू केली, आणि थकव्याला रोज शंभरपैकी गुण द्यायला सांगितले. वर्कशॉपात जॉबकार्ड भरलेला माणूस तो. संघटनेच्या जुन्या डायरीत त्यांनी उभ्या रेघा मारून चार महिने चोख नोंद केली. गोळी बंद असतानाचे दोन महिने त्यांनी आठवून लिहिले होते, त्या रकान्यात आकडे चाळिशीचे. नवी गोळी सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे पन्नाशीचे, मग हळूहळू पस्तिशीचे. म्हणजे गोळी नसतानाही थकवा होताच. यातले नाडीच्या गोळीचे किती, नव्या गोळीचे किती आणि ऐकून घेणाऱ्या डॉक्टरांचे किती, हे त्या डायरीवरून सांगता येत नाही. गृहस्थ थोडे खट्टू झाले. "म्हणजे मी उगाच तिच्या नावाने खडे फोडले?" असे त्यांनी मला विचारले. उगाच नाही, नोंद नव्हती म्हणून, असे मी म्हणालो. ते उत्तर त्यांना फारसे पटलेले दिसले नाही.

हल्ली ते पर्वती चढतात. मध्ये दोनदा बसतात आणि डायरीत तेही लिहितात.